झोन तीन, माती मध्यम

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत सिम्युलेशनचं काम करतो. नोकरीला लागून महिना झाला असेल, त्याचा फोन आला. "काका, अबॅकस शिकतोय, संगणकावर बांधकामाचं मॉडेल तपासायचं सॉफ्टवेअर. त्याच्या उदाहरणांच्या पुस्तिकेत भूकंपाला कुठलं धरण घेतलंय, ओळखा." मी जपान म्हटलं, कॅलिफोर्निया म्हटलं. "आपलं कोयना!" तो ओरडलाच. जगात जिथं जिथं हे सॉफ्टवेअर शिकतात, तिथं पोरं कोयना धरणाचा छेद पडद्यावर उभा करतात, त्याला १९६७ चा धक्का देतात आणि तडा कुठून सुटतो ते बघत बसतात.

मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पाचेक मिनिटं. मग ध्यानात आलं की मी कोल्हापुरात तीस वर्षं आरसीसी डिझाइन करतोय, कोयनानगर इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि तो धक्का मी माझ्या एकाही इमारतीला कधी लावून पाहिलेला नाही.

११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, मुंबईची वीज गेली. त्याआधीच्या भूकंप-नकाशात हा सगळा मुलूख जवळजवळ निर्धास्त मानलेला होता. धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपापोटी गुणांक धरला होता ०.०५, म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवा जोर. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं. त्यानं त्या पहाटे लिहून ठेवलं ते असं: धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी, नदीच्या दिशेनं ०.४९ जी. जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण. नदीच्या दिशेनं जमीन जवळजवळ निम्म्या गुरुत्वाच्या जोरानं हिसडे देत होती. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो त्या उंचीवर आडवे तडे गेले. पुढं अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ती नोंद संगणकातल्या धरणाला दिली. ताण नेमका त्याच भागात काँक्रीटच्या ताकदीबाहेर गेला. गणितातली जागा आणि भिंतीवरचा तडा जुळला. १९७३ मधली ही गोष्ट, जेव्हा कोल्हापुरात संगणक म्हणजे काय हे सांगायला माणूस शोधावा लागला असता.

आता माझ्या टेबलावर काय होतं ते सांगतो. इमारतीचं मॉडेल तयार झालं की सॉफ्टवेअर मला विचारतं, भूकंपाच्या धोक्याचा झोन कुठला? कोल्हापूर, म्हणजे तीन. मातीचा प्रकार? कठीण, मध्यम, मऊ असे तीन पर्याय येतात. मध्यम. एंटर. इमारत शिवाजी पेठेत असो, कसबा बावड्यात असो, नाहीतर विद्यापीठाकडच्या माळावर असो. माझ्या ओळखीचे बहुतेक जण हेच करतात आणि त्यात कुणी लबाडी करतंय असं मला वाटत नाही. मध्यम हा शब्दच असा आहे की त्यावर बोट ठेवताना माणसाला अपराधी वाटत नाही.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. मध्यमच्या जागी मऊ निवडलं तरी आपल्याकडच्या बऱ्याचशा इमारतींना काडीचा फरक पडत नाही. आयएस १८९३ ही आपली भूकंपाची संहिता, तिच्या २०१६ च्या आवृत्तीतला आलेख उघडून बघा. ज्या इमारतीचा एक झोका ०.४ सेकंदाच्या आत पुरा होतो, तिला जमिनीचा धक्का किती पट धरायचा याचा तिन्ही मातींसाठी एकच आकडा आहे, २.५. विटांच्या भिंती भरलेल्या तीन-चार मजली इमारती साधारण याच टप्प्यात मोडतात. म्हणजे जिथं कोल्हापूरचं निम्मं मध्यमवर्गीय आयुष्य राहतं, त्या इमारतींच्या गणितात खालची माती येतच नाही. संहितेला मी दोष देत नाही. ती काश्मीरपासून केरळपर्यंत लागू आहे आणि किमान किती हवं तेवढंच सांगते. किमान म्हणून सांगितलेलं आपण पुरेसं म्हणून घेतलं, हा आपला हिशेब.

माझं म्हणणं असं आहे. कोल्हापूरची जमीन गल्लीगणिक वेगळी हलणार. ती कशी हलेल हे संगणकावर काढणं आज शक्य आहे, आणि शहराच्या पातळीवर ते काढून, नकाशा करून, सगळ्यांसमोर ठेवायला हवं. यात संगणक ही सगळ्यात सोपी बाब आहे. घोडं अडलंय ते मातीपाशी.

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ होतं, तिथं आज गांधी मैदान आहे. कपिलतीर्थ होतं, तिथं आज मंडई भरते. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की आपण गटाराला शिव्या घालतो; खरं तर तळं आपली जागा विसरलेलं नाही. बुजवलेल्या तळ्याखाली घट्ट जमीन नसते, भराव असतो, आणि भरावाखाली जुना गाळ. पंचगंगेच्या काठानं, जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांना गाळाची माती. उलट माळाकडं गेलात तर हातभर खाली मुरूम लागतो. आमच्याकडच्या विहीर खणणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असायचं: आधी काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. कुठल्या वावरात कुठला थर किती हातांवर लागेल हे ते पैजेवर सांगायचे. रंकाळ्याची खाण भूकंपानं खचली आणि तिथं पाणी लागलं ही आख्यायिका आपण पाहुण्यांना हौसेनं ऐकवतो. तिच्यात किती खरं ते इतिहासकारांनी ठरवावं, पण भूकंप या गावाच्या तोंडी आहे, कागदावर मात्र नाही.

माती महत्त्वाची का? खडकातून भूकंपाची आडवी हलवणारी लाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगानं येते. मऊ मातीत शिरली की तिचा वेग दोनशे मीटरवर येऊ शकतो. वेग पडला की तीच ताकद थोडक्या जागेत कोंबली जाते आणि हेलकावा मोठा होतो. शिवाय प्रत्येक थराचा स्वतःचा झोका असतो. तो काढायला संगणकही लागत नाही: थराची जाडी चारनं गुणा, लाटेच्या वेगानं भागा. वीस मीटर माती, वेग दोनशे, उत्तर ०.४ सेकंद. इमारतीचा झोका ढोबळमानानं मजल्याला ०.१ सेकंद. म्हणजे अशा मातीवर चार मजली इमारत बांधली की जमीन आणि इमारत एकाच तालात डोलणार. तालमीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओढ तेवढीच असते, पण समोरचा ज्या क्षणी त्या बाजूला झुकतो त्याच क्षणी दिली की तो चीतपट.

मेक्सिको सिटी १९८५ च्या सप्टेंबरमध्ये अशीच चीतपट झाली. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब किनाऱ्याकडं, पण शहराचा मधला भाग आटवलेल्या जुन्या सरोवराच्या चिखलावर वसलेला. त्या चिखलाचा झोका दोन सेकंदांच्या आसपास, म्हणून सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती वेचून पडल्या. बुटकी घरं बरीचशी वाचली. आपलं वरुणतीर्थ म्हणजे काही ते सरोवर नव्हे, प्रमाण सोडून बोलायचं नाही. पण अहमदाबाद तर आपल्यासारखंच होतं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला भुजकडं, दोनशे किलोमीटरहून लांब, आणि अहमदाबादेत सातशेहून जास्त माणसं गेली. साबरमतीच्या गाळावर उभ्या, खाली पार्किंगला मोकळे खांब आणि वर भरलेले फ्लॅट अशा इमारती. राजारामपुरीतून, नागाळा पार्कातून एक चक्कर मारा आणि अशा किती दिसतात ते मोजा. त्यातल्या काही माझ्या सहीच्या आहेत.

संगणकावर जमीन हलवतात म्हणजे नक्की काय करतात? भूकंप कुठं आणि कसा सुटला, लाट कोणत्या खडकातून आली आणि शेवटी ती कोणत्या मातीवर आली, हे सगळं आकड्यांत मांडायचं. सगळ्या मुलखाचे चौकोनी ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला खडकाचे गुण द्यायचे आणि एका ठोकळ्यानं शेजारच्याला दिलेला धक्का सेकंदाच्या बारीक तुकड्यांत मोजत पुढं जायचं. ठोकळा जितका लहान, तितक्या जलद थरथरी पकडता येतात. लहान इमारतींना झोंबणाऱ्या, सेकंदाला पाच वेळा हलणाऱ्या लाटा मऊ मातीतही पकडायच्या तर ठोकळा पाचेक मीटरचा लागतो. मी एका रविवारी कागदावर हिशेब केला. कोयनेपासून कोल्हापुरापर्यंत शंभर किलोमीटर लांब, साठ रुंद आणि वीस खोल असा मुलूख घेतला तर ठोकळे होतात जवळजवळ एक लाख कोटी. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की काम सोळा पट, कारण तिन्ही दिशांना दुप्पट आणि वेळेचा तुकडाही निम्मा. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्ड भ्रंशासाठी, म्हणजे भूकंप जिथून सुटतो त्या जमिनीतल्या भेगेसाठी, महासंगणकांवर असली प्रचंड गणितं झालेली आहेत. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेनं १९९१ मध्ये परम महासंगणक उभा केला, त्यामुळं आपल्याला ते कधीच जमणार नाही असं कुणी म्हणू नये. पण कोल्हापूरला सुरुवातीला त्याची गरजही नाही.

कारण शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे खडकातून मातीत वर येणाऱ्या लाटेचं गणित फार साधं आहे. बर्कलीतच १९७२ मध्ये शेक नावाचा प्रोग्रॅम लिहिला गेला. खाली खडकाचा धक्का द्यायचा, वर मातीचे थर मांडायचे, पृष्ठभागावर काय पोचतं ते तो सांगतो. एका जागेसाठी आजच्या साध्या लॅपटॉपला क्षणभर लागतो. खडकाचा धक्का कुठला द्यायचा हेही अंधारात नाही. कोयना-वारणा पट्ट्यात साठ वर्षं भूकंप मोजले जातायत. कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. याच पट्ट्यातल्या गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारून तिथं सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागतो हे त्यांनी बघितलंय. म्हणजे तीन किलोमीटर खाली काय आहे याची नोंद आहे, आणि व्हीनस कॉर्नरला वीस मीटर खाली काय आहे हे विचारलं तर प्रत्येकाच्या कपाटातली वेगळी फाईल उघडावी लागते.

आता लोक काय म्हणतात ते. माझा शेजारी म्हणतो, "सदुसष्टला काय पडलं हो कोल्हापुरात? भांडी वाजली, झालं." खरंय त्याचं. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवरच्या ६.३ च्या धक्क्यानं इथल्या घट्ट खडकावर फार मोठं काही होत नाही, हे कुठलंही मॉडेल सांगेल. पण १९६७ चं कोल्हापूर एक-दोन मजली, लाकडी खांब-तुळयांचं, माळवदाचं आणि कौलांचं होतं. पार्किंगवर उभी असलेली सात मजली इमारत तेव्हा नव्हती. शिवाय आपण नेहमी कोयनेकडंच बोट दाखवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीकडं कोण बोट दाखवत होतं? तोही नकाशातला सगळ्यात सुरक्षित पट्टा होता. म्हणून मॉडेल चालवायचं तर दोन धक्के घ्यावेत: कोयना-वारणेतला लांबचा, आणि किल्लारीसारखा जवळच सुटलेला. दुसरा होईलच असं कुणी म्हणत नाही. झाला तर कुठल्या पेठेत काय, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप माझ्याच धंद्यातून येतो. मॉडेलमध्ये कचरा घातला की कचराच बाहेर पडतो, आणि रंगीत नकाशा बघितला की माणसं त्याला वेदवाक्य मानतात. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. उत्तर म्हणून मी एवढंच सांगेन की आज आपण 'मध्यम' निवडतो तेव्हाही मॉडेलच वापरतो, फक्त त्यात काय घातलंय ते कुणाला दिसत नाही. शंभर वेळा, वेगवेगळ्या मातीच्या आकड्यांनी गणित चालवून उत्तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं द्यावं, आणि नकाशाबरोबर त्यात घातलेले आकडेही खुले करावेत. दक्षिण कॅलिफोर्नियात सान आंद्रियास भ्रंशावर ७.८ चा भूकंप संगणकावर सोडून बघितला, तेव्हा भ्रंशापासून बऱ्यापैकी दूर असलेल्या लॉस एंजलिसकडं गाळाच्या खोऱ्यांच्या साखळीतून लाटा नळातून आल्यासारख्या पोचतात असं दिसलं. नुसतं केंद्रापासूनचं अंतर मोजून हे कळत नव्हतं. २००८ पासून तिथं त्याच कल्पित भूकंपावर दरवर्षी लाखो लोक सराव करतात. मॉडेल शंभर टक्के खरं ठरेल म्हणून ते करत नाहीत.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे: प्लॉटचे भाव. पूररेषेचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. निळी रेषा, लाल रेषा, आणि प्रत्येक जण आपला प्लॉट रेषेच्या बाहेर कसा येईल या खटपटीत. पण याच गावानं पुराच्या बाबतीत एक गोष्ट शिकून घेतली आहे. जुलैत कुठल्याही चहाच्या गाड्यावर जा, राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटा-इंचात सांगणारा माणूस भेटतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, सुतारवाड्यात पाणी कधी शिरणार, शाहूपुरीत कधी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ वर, आणि हे आकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. जमिनीच्या बाबतीत असा एकही आकडा आपल्या तोंडी नाही. भाव पडतील या भीतीनं तो काढूच नये म्हणणं म्हणजे बंधाऱ्यावरची पट्टी पुसून पूर टाळण्यासारखं आहे. आणि भाव पडायचं कारणही नाही. पूररेषेच्या आत बांधकामच अडतं. मऊ मातीवर मात्र बांधता येतं, फक्त पाया, खांब आणि पार्किंगचा मजला त्या मातीच्या हिशेबानं करावा लागतो. खर्च वाढतो, पण प्लॉट काही बाद होत नाही.

कुणी म्हणेल, नकाशाच्या नादाला लागण्यापेक्षा आधी जुन्या शाळा आणि दवाखाने मजबूत करा. करा की. पण शंभर शाळांपैकी पहिल्या दहा कुठल्या, हे कशावरून ठरवणार? नगरसेवकाच्या वजनावरून ठरवायचं नसेल तर काहीतरी नकाशा लागेलच.

मग मातीची माहिती आणायची कुठून? खरं सांगायचं तर ती आधीच काढलेली आहे. मोठी इमारत उभी राहताना माती परीक्षण होतं, बोअर मारतात, दर दीड मीटरला किती ठोके लागले याची नोंद होते. अहवाल येतो, पायाचं डिझाइन होतं आणि फाईल बांधून ठेवली जाते. असे अहवाल गावात किती असतील! परवानगीच्या कागदांबरोबर त्याची एक प्रत सार्वजनिक संग्रहात टाकायची अट घातली, मालकाचं नाव काढून नुसती जागा आणि थर, तर पाच वर्षांत निम्म्या शहराची माती कळेल. जिथं अहवाल नाहीत तिथं इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरं हातोडा, लोखंडी प्लेट, जमिनीची थरथर टिपणारे दोन डझन जिओफोन आणि लॅपटॉप घेऊन गेली तर एका मैदानाचं लाटेच्या वेगाचं मोजमाप दुपारपर्यंत होतं. प्रोजेक्टच्या नावाखाली दरवर्षी तेच ते काँक्रीटचे क्यूब फोडण्यापेक्षा हे बरं. आणि संहिता बदलायची वाट कशाला बघायची? ती किमान सांगते, जास्त करायला कुणी बंदी घातलेली नाही.

हे सगळं मी गेल्या महिन्यात माझ्या एका बिल्डर मित्रासमोर बोललो. तो हसला. "भावा, कुठं ह्या खुळात पडतोस," म्हणाला. पण रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर त्याचे सहा माती-अहवाल आले, पाठोपाठ निरोप, 'नाव कुठं टाकू नको.' मी ते सगळे उघडले. चौथा अहवाल त्याच्या स्वतःच्या बंगल्याचा होता. पहिला थर, भराव, ४.५ मीटर. दुसरा थर, मऊ काळी माती, ३ मीटर. पायाच्या शिफारशीखाली माझी सही होती, आणि भूकंपाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: झोन तीन, माती मध्यम.